आंबुशीची भाजी आणि मूतखडा

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या कुंड्यांमध्ये आंबुशी भरपूर उगवते. सासूबाई तिची तूरडाळ घालून भाजी करतात. यजमानांना गेल्या वर्षी मूतखडा झाला होता. त्यांनी ही भाजी खाल्ली तर चालेल का?

उत्तर : घरातल्या बाकीच्यांनी खुशाल खावी, यजमानांना मात्र तूर्त वाढू नका. आंबुशीला आंबटपणा येतो तो ऑक्झॅलिक आम्लामुळे, आणि बहुतेक मूतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. पोटात गेलेलं ऑक्झलेट रक्तातून लघवीत उतरतं. पाणी कमी प्यायल्याने लघवी दाट झाली, की कॅल्शियमशी मिळून त्याचे खडे धरतात.

यावरून पुष्कळ जण दूध-दहीच बंद करतात. ते चुकीचं आहे. जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं आणि दोन्ही शौचावाटे निघून जातात. म्हणून आंबुशी, पालक, चुका अशा भाज्यांबरोबर वाटीभर दही किंवा ताक घ्यावं. पाला आधी उकळून ते पाणी ओतून द्यावं. ऑक्झलेट बरंच कमी होतं. भाजी पितळेच्या बिनकल्हईच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात शिजवू नये.

आयुर्वेदात आंबुशी म्हणजे चांगेरी. अतिसारावर आणि मूळव्याधीवर ती सांगितली आहे. तेवढ्यावरून रोज सकाळी पेलाभर कच्चा रस पिऊ नका. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तर ही भाजी टाळावीच.

खुडताना ओळख पक्की हवी. आंबुशीच्या तिन्ही पानांना बदामासारखी खाच असते, ती संध्याकाळी मिटतात. फूल पिवळं, पाच पाकळ्यांचं. परदेशात राहणाऱ्या वाचकांना हिरवळीत दिसणारं क्लोव्हर वेगळं. त्याची पानं गोलसर, बहुधा पांढुरका पट्टा असलेली, फुलं गोंड्यासारखी, आणि चव आंबट नसते. तणनाशक फवारलेल्या किंवा कुत्री फिरतात अशा जागेवरचं काहीच खुडू नये.

यजमानांनी दिवसभरात अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यावं. खडा तपासला असेल, तर अहवाल घेऊन तुमच्या डॉक्टरांना भेटा. तो युरिक ॲसिडचा निघाला, तर आंबुशीपेक्षा आधी मटण आणि कलेजी कमी करावी लागेल.