संघ निवडताना : ताजा खेळ की जुना अनुभव?



केंद्राच्या खो-खो स्पर्धेसाठी आपल्या शाळेचा संघ निवडायचा आहे. त्यावरून वर्गात दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, मागच्या वर्षी खेळले त्यांनाच घ्या, त्यांना सवय आहे. दुसरा म्हणतो, परवाच्या सरावात ज्यांनी जास्त गडी बाद केले त्यांना घ्या. देशाचा संघ निवडतानाही हाच प्रश्न पडतो. म्हणून मी आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात जन्मलेल्या दोन क्रिकेटपटूंची माहिती गोळा केली.

पहिले झहीर खान, श्रीरामपूरचे. डावखुरे वेगवान गोलंदाज. २००६ साली त्यांची भारतीय संघातली जागा गेली. अनुभव होता, पण नुसत्या अनुभवावर जागा टिकली नाही. ते रुसून घरी बसले नाहीत. इंग्लंडमध्ये वूस्टरशायर संघाकडून खेळले आणि त्या हंगामात काउंटी स्पर्धेत ७८ बळी घेतले. त्याच वर्षाअखेर ते भारतीय संघात परत आले. पुढे २०११ च्या विश्वचषकात त्यांनी २१ बळी घेतले. त्या स्पर्धेत यापेक्षा जास्त बळी कुणाचेच नव्हते.

दुसरे अजिंक्य रहाणे. त्यांचा जन्म संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने २०२०-२१ ची ऑस्ट्रेलियातली मालिका जिंकली. तरी धावा आटल्या तेव्हा २०२२ मध्ये त्यांना वगळले. मग ते मुंबईकडून रणजी सामने खेळले आणि हैदराबादविरुद्ध २०४ धावा काढल्या. २०२३ च्या आयपीएलमध्येही त्यांची बॅट चालली. श्रेयस अय्यर जखमी असल्याने जागा रिकामी होती. जून २०२३ मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात रहाणे खेळले.

आता थोडे गणित करू. त्या सामन्यात त्यांनी ८९ आणि ४६ धावा केल्या. सरासरी झाली ६७.५. पुढच्याच महिन्यात वेस्ट इंडीजमध्ये ३ आणि ८ धावा झाल्या. सरासरी ५.५. माणूस तोच, बॅट तीच! फक्त पहिले दोन डाव पाहणारा म्हणेल, यांच्यासारखा खेळाडू नाही. फक्त पुढचे दोन पाहणारा म्हणेल, यांना काढून टाका. आता चारही डाव एकत्र घ्या.

८९ + ४६ + ३ + ८ = १४६
१४६ ÷ ४ = ३६.५

जुलै २०२३ पर्यंत ८५ कसोटींत त्यांच्या ५०७७ धावा झाल्या आणि सरासरी होती ३८.४६. म्हणजे चार डावांची सरासरी एकूण सरासरीच्या बरीच जवळ आली. दोन-दोन डावांनी मात्र आपल्याला फसवले असते.

आपल्याकडे कांद्याचेही असेच होते. एका वर्षी भाव चढला की सगळे कांदा लावतात, आणि मग भाव पडतो. जाणता शेतकरी चार-पाच वर्षांचा अंदाज घेतो.

यावरून मला तीन गोष्टी कळल्या. एक, ताजा खेळ पाहायचाच, पण एका दिवसाचा नाही. दोन, अनुभवी खेळाडूनेही आधी लहान सामन्यांत खेळून दाखवावे. तीन, दोघांचा ताजा खेळ सारखाच असेल, तर अनुभवी खेळाडूला घ्यावे, कारण अडचणीच्या वेळी तो गडबडत नाही. ओव्हलवर भारताचे ५० धावांत ३ गडी बाद झाले होते, तेव्हा रहाणे खेळायला आले आणि त्या डावात भारताकडून सर्वांत जास्त धावा त्यांच्याच झाल्या.

म्हणून माझे म्हणणे असे. निवडीआधी सरावाचे आठ सामने खेळू. प्रत्येकाने किती गडी बाद केले आणि पळतीला किती वेळ काढला, हे वहीत लिहून ठेवू. वही सर्वांना पाहता यावी. मी स्वतः मागच्या वर्षी संघात होते. पाचवीच्या काही मुली आता माझ्यापेक्षा चपळ झाल्यात, म्हणजे या वहीने माझीही जागा जाऊ शकते. पण मैदानात नऊच जणी उतरतात. त्या नऊ जणी कुणाच्या मैत्रिणी आहेत यापेक्षा त्या आज कशा खेळतात, हे वहीने सांगावे. जागा गेली तर मीही सराव सोडणार नाही.

– इयत्ता ७ वी