रिकाम्या इमारतींचे काय करावे ?

ज्या कामासाठी इमारत बांधिली ते काम संपले, परंतु इमारत मात्र धडधाकट उभी राहिली, तर तिचे काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता धनिकांचा किंवा सरकारदरबारचा वाटतो. शाळकरी मुलांनी त्यात डोके का घालावे, असे कोणी पालक विचारतील. त्यांस माझे उत्तर असे की, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ह्या टापूतील मुलांइतका ह्या प्रश्नाशी निकटचा संबंध दुसऱ्या मुलांचा क्वचितच असेल. प्रवेशाचा अर्ज भरताना उल्हासनगरची कित्येक मुले पत्त्याच्या रकान्यात अद्यापि 'बराक नंबर अमुक, खोली नंबर अमुक, कॅम्प नंबर तीन' असे लिहितात. बराक म्हणजे शिपायांचे वसतिस्थान. वडील तर दुकानदार किंवा कारकून. मग घरच्या पत्त्यात बराक आली कोठून?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणपासून सुमारे पाच किलोमीटरांवर सरकारने एक विस्तीर्ण लष्करी छावणी उभारिली. सहा हजार सैनिक व तीस हजार इतर माणसे राहावीत असा तिचा आवाका होता, आणि तीत दोन हजारांहून अधिक बराकी होत्या. १९४५ साली युद्ध संपले, फौजा पांगल्या व छावणी ओस पडली. कुलूप लावून ठेवावी तर वाळवी लागणार, पाडावी तर खर्च येणार, अशी तिची अवस्था असता १९४७ साली देशाची फाळणी झाली, आणि सिंध प्रांत सोडून आलेली हिंदू कुटुंबे जहाजांनी मुंबई बंदरात उतरू लागली. अशा सुमारे एक लाख निर्वासितांस ह्या ओसाड छावणीत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते ह्या वसाहतीस उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. सारांश, एक सबंध शहर रिकाम्या इमारतींतून जन्मास आले.

इतकेच सांगून थांबलो तर गोष्ट फार गोड होईल. परंतु ती पुरी होणार नाही. बहुतेक बराकींची रचना अशी होती की, मधोमध एक मोठे दालन व दोन्ही टोकांस खोल्या. आता शिपायाची गरज व गृहस्थाची गरज ह्यांत महदंतर आहे. शिपाई दालनात केवळ निजतो. त्याचे जेवण भटारखान्यात, स्नान सामाईक न्हाणीघरात, आणि मुलेबाळे दूर गावी. गृहिणीला मात्र चूल हवी, धूर जावयास वाट हवी, बाळंतिणीस आडोसा हवा, आणि अभ्यास करणाऱ्या मुलास दिव्याखाली चार हात जागा हवी. दालनात आडव्या-उभ्या भिंती घालून घरे पाडिली की छप्पर तेवढे सर्वांच्या वाट्यास येते, पण वारा अडतो. नळ व संडास पूर्वीच्याच ठिकाणी, म्हणजे बाहेर व सामाईक राहतात. तात्पुरती म्हणून केलेली ही सोय कित्येक कुटुंबांच्या पुरी एक पिढी अंगवळणी पडली. आपल्या डोक्यावरील छप्पर आपले की सरकारचे, हाही प्रश्न मागे राहिला. विस्थापितांस नुकसानभरपाई म्हणून मिळकती मालकीने देण्याचा कायदा १९५४ साली झाला. तोवर कोणी पदरचे पैसे घालून भिंत बांधावी तर ती कोणाची, हे सांगता येत नव्हते. आणि जी भिंत आपली नाही तिला कोणी चुना लावीत नाही.

ह्याच्या शेजारी कोल्हापूरजवळील वळिवडे येथील छावणी ठेवून पाहावी. ती १९४३ साली उभी राहिली ती शिपायांसाठी नव्हे, तर युद्धामुळे देशोधडीस लागलेल्या पोलंडमधील सुमारे पाच हजार स्त्रिया, मुले व वृद्ध ह्यांच्यासाठी. तेथे आरंभापासून कुटुंबे राहावयाची असल्यामुळे शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होते. युद्धानंतर पोलिश मंडळी निघून गेली व त्यांच्या जागी तेथेही सिंधी निर्वासित आले. तेच आजचे गांधीनगर, कापडाची मोठी पेठ. दोन्ही ठिकाणी माणसे तीच, उद्योगीपणा तोच. परंतु एका ठिकाणी कुटुंबासाठी बांधलेली घरे कुटुंबांस मिळाली, दुसऱ्या ठिकाणी पलटणीचा निवारा गृहस्थांस मिळाला. इमारत पुनश्च कामास लावताना पहिला विचार करावयाचा तो हाच, की जुने काम व नवे काम ह्यांत अंतर किती ?

आता आपण मुंबईस जाऊ, कारण आजकाल रिकाम्या इमारतींची चर्चा चालते ती तिकडील कचेऱ्यांविषयी. नरिमन पॉइंट येथे समुद्रात भर घालून केलेल्या जमिनीवर गेल्या शतकाच्या उत्तरार्धात मोठमोठ्या कंपन्यांनी उंच इमारती बांधिल्या. पुढे वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले आणि पेढ्या, बँका, शेअरबाजार तिकडे सरकले. ऑपेरा हाऊसच्या बाजूचे हिऱ्यांचे व्यापारीदेखील २०१० नंतर मोठ्या संख्येने तिकडील भारत डायमंड बोर्समध्ये गेले. भरीस भर म्हणून २०२० सालच्या महासाथीने घरी बसून कचेरीचे काम करण्याची सवय लाविली. अमेरिका व कॅनडा ह्या देशांत तर शहरांच्या ऐन मध्यभागी मजलेच्या मजले ओस पडले. कॅनडातील कॅल्गरी हे तेलाच्या धंद्यावर पोसलेले शहर. तेलाचे भाव कोसळल्यावर तेथील मध्यवस्तीतील कचेऱ्यांची सुमारे एक-तृतीयांश जागा रिकामी झाली, तेव्हा २०२१ साली नगरपालिकेने जाहीर केले की, जो मालक कचेरीची घरे करील त्यास दर चौरस फुटामागे ७५ डॉलर मदत देऊ. हे दान उदार दिसते. परंतु स्वतःच्या फायद्याची गोष्ट करावयास मालकास पैसे का द्यावे लागावेत ? ह्याचे उत्तर भूमितीत आहे. विद्यार्थ्यांनी पाटी-पेन्सिल घेऊन बसावे.

समजा, एका कचेरीचा मजला शंभर फूट लांब व शंभर फूट रुंद आहे. खिडक्या अर्थातच बाहेरच्या चार भिंतींस. खिडकीचा उजेड व वारा पंचवीस फूट आतपर्यंत उपयोगी पडतो असे धरू. चारही बाजूंनी पंचवीस-पंचवीस फूट सोडले म्हणजे मध्ये पन्नास फूट लांब-रुंद असा चौक उरतो, ज्याचे क्षेत्रफळ अडीच हजार चौरस फूट, म्हणजे मजल्याचा चौथा हिस्सा. तेथे दिवसाही दिवा लावावा लागणार. कचेरीत हे चालते. जिने, उद्वाहक, संडास व दप्तराच्या खोल्या मध्ये असतात. परंतु घरे करावयाची झाल्यास त्या अंधारात कोणास राहावयास सांगणार ? शिवाय पाण्याचे व मैल्याचे सर्व नळ त्या एकाच मधल्या विवरातून खालीवर जातात. वीस बिऱ्हाडे केली तर वीस मोऱ्यांचे पाणी तेथवर वाहून न्यावयास जमिनी फोडाव्या लागतात. आता वीस फूट रुंदीची एकमजली लांबट बराक ह्याच रीतीने मांडून पाहा. तिच्यात अंधारा चौक उरतच नाही ! जिला आपण गरिबाची म्हणून नाक मुरडतो ती इमारत ह्या एका बाबतीत काचेच्या मनोऱ्यापेक्षा अधिक मनमिळाऊ आहे.

म्हणून कचेरीचे घर करण्याचा अट्टहास सर्वत्र धरू नये, असे माझे मत आहे. नरिमन पॉइंटवरील एअर इंडियाची तेवीस मजली इमारत ह्याचे चांगले उदाहरण होय. ती १९७४ साली बांधून झाली. २०१३ साली कंपनीने आपले मुख्य ठाणे दिल्लीस हलविले. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती सोळाशे एक कोटी रुपयांस विकत घेण्यास मान्यता दिली, ती सरकारी कचेऱ्यांसाठी. जून २०१२ मधील मंत्रालयाच्या आगीनंतर सरकारी खात्यांची जागेची टंचाई सर्वांस ठाऊक होतीच. किंमत अधिक की उणी हे जाणत्यांनी ठरवावे. परंतु कचेरीची पुनः कचेरीच व्हावयाची, हा हिशेब इमारतीच्या प्रकृतीस धरून आहे.

मालकीचा प्रश्न मात्र भूमितीने सुटत नाही. काळा घोडा येथे एस्प्लनेड मॅन्शन नावाची इमारत आहे. तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून जहाजाने आणिला व १८६० नंतरच्या दशकात येथे जोडिला. त्या वेळी ते वॉटसन साहेबांचे हॉटेल होते, आणि ७ जुलै १८९६ रोजी हिंदुस्थानातील पहिला चलच्चित्रांचा खेळ तेथेच झाला. हॉटेल बंद पडल्यावर तिच्यात लहानलहान खोल्या पाडून वकिलांच्या कचेऱ्या व बिऱ्हाडे आली. नवे काम मिळाले, इमारत भरली; मग बिघडले कोठे ? १९४७ सालच्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली होती. तेवढ्या भाड्यात मालकास दुरुस्ती परवडत नाही, आणि मालमत्ता आपली नसल्यामुळे भाडेकरू ती करीत नाही. अशा इमारती मुंबईत शेकड्यांनी आहेत. २००५ साली हिचा एक भाग ढासळला व २०१९ साली ती धोकादायक म्हणून रिकामी करावी लागली. शुभवर्तमानातील दृष्टान्तात झाडून ठेवलेल्या रिकाम्या घरात एक भूत आणखी सातांस घेऊन परत येते. रिकाम्या इमारतीत शिरणारी भुते म्हणजे गळके छप्पर, पिंपळाचे मूळ, गंजलेला नळ. परंतु कोणी धनी नसेल तर ती भरल्या इमारतीतही शिरतात, हे येथे दिसते.

हा धोका केवळ मुंबईचा नव्हे. मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या आत उल्हासनगरात दोन इमारतींतील स्लॅब कोसळून माणसे दगावली, व त्यानंतर कित्येक कुटुंबांस घरे सोडावी लागली. अशा रीतीने रिकाम्या झालेल्या इमारतीस नवे काम शोधण्याआधी तिच्या हाडांची परीक्षा हवी. नहेम्या यरुशलेमेस गेला तेव्हा त्याने आल्याबरोबर बांधकामाची घोषणा केली नाही. तीन दिवस थांबून, कोणास न सांगता, तो रात्री बाहेर पडला आणि कोट कोठे पडला आहे व वेशी कोठे जळाल्या आहेत ते स्वतः पाहून आला. आमच्याकडे बहुधा आधी कोनशिला बसते व मागून इंजिनीअर येतो.

पालकांस ह्यात एक गोष्ट अधिक जिव्हाळ्याची वाटेल. बदलापूर स्टेशन मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अडुसष्ट किलोमीटर दूर आहे. इतक्या दुरून पहाटेची गाडी पकडून जाणारे वडील मुलांस जागे असताना फक्त रविवारी दिसतात, ही अतिशयोक्ती कित्येक घरांत अक्षरशः खरी आहे. गावात मोकळी पडलेली एखादी पक्की इमारत, मग ती बंद कारखान्याची कचेरी असो वा जुनी शाळा, तपासून व दुरुस्त करून तेथे कामाची मेजे मांडिली, तर चार-दोनशे माणसांचा तरी रोजचा तीन तासांचा प्रवास वाचेल. मुंबईच्या मनोऱ्यात मोऱ्या बसविण्यापेक्षा हे काम स्वस्त पडेल, असा माझा अंदाज आहे. मात्र पाण्याची व मैल्याची वाट आधी केली पाहिजे. घरोघर उद्योग आले व गटारे मागाहून आली, त्याचे फळ वालधुनी नदी आज भोगीत आहे.

आता सुटीतील काम. दमट व उष्ण हवेच्या प्रदेशात खोलीच्या जमिनीच्या एक-षष्ठांश इतक्या क्षेत्रफळाच्या खिडक्या असाव्यात, असे राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. बारा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीस वीस चौरस फूट. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील एका खोलीची जमीन व खिडक्या मोजाव्यात. ज्यांचे घर बराकीच्या जागेवर आहे त्यांनी आजी-आजोबांस विचारून मूळ भिंती कोणत्या व मागून घातलेल्या कोणत्या, ह्याचा कच्चा नकाशा काढावा. मूळ बराकी आता थोड्याच उरल्या आहेत व त्या पाहिलेली माणसेही. नकाशे शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात भूगोलाच्या तासाला आणावेत.