वसतिगृहातील जुना विद्यार्थी

वसतिगृह म्हटले की खाट, मेस आणि रात्री बंद होणारे फाटक एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. आपल्या महाराष्ट्रात मात्र वसतिगृह हे शिक्षणाचेच एक अंग म्हणून वाढले. सुट्टी संपवून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी परत येणाऱ्या विद्यार्थ्याचे तेथे नेमके काय काम, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले. पुढे जैन, लिंगायत, मुसलमान, तसेच अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील विद्यार्थ्यांसाठीही तेथे वसतिगृहे निघाली. खेड्यातल्या मुलाला शहरात पाठ टेकायला जागा मिळाली, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. तथापि ही वसतिगृहे बहुतांशी समाजवार होती.

कोल्हापुरातील जैन बोर्डिंगमध्ये राहिलेल्या भाऊराव पाटलांनी त्यापुढचे पाऊल टाकले. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असे नामकरण झाले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि 'कमवा व शिका' ही पद्धत महाविद्यालयीन शिक्षणातही आली.

या वसतिगृहात मुले स्वतःची कामे स्वतः करीत, एका पंक्तीला जेवत. श्रमामुळे खर्च वाचला, हे तर खरेच. पण मला त्यात आणखी एक लाभ दिसतो. जेथे कामे वाटून घेतली जातात, तेथे आधी आलेल्याला नंतर आलेल्याला शिकवावेच लागते. चूल पेटवायला शिकवणारा मुलगा अडलेले गणितही सोडवून देतो. अशा रीतीने जुना विद्यार्थी आपोआप गुरुबंधू होतो.

आज या नात्याची गरज संपली आहे काय? ज्याच्या घरात पूर्वी कोणीच महाविद्यालयात गेले नाही, अशांपैकी मीही एक आहे. आमच्या आईवडिलांची माया अपार. परंतु शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरावा, मुख्य विषय कोणता घ्यावा, एखाद्या विषयात राहिले तर पुढे काय, हे त्यांना विचारून उपयोग नसतो. प्राध्यापकांना विचारण्याची भीड वाटते. सुट्टीत गावी गेलो की "शिकून काय होणार? हाताला काम धर," असे चारचौघे सांगतात. त्या वेळी परत फिरण्याचे बळ कोण देणार? आपल्यासारख्याच घरातून आलेला आणि दुसऱ्या वर्षीही परतलेला एखादा दादा, एखादी ताई. त्यांचे परत येणे हेच नवख्याला उत्तर असते.

म्हणून काही गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत. एका खोलीत सगळे नवे किंवा सगळे जुने न ठेवता दोघांची सांगड घालावी. आठवड्यातून एक संध्याकाळ जुन्यांनी नव्यांच्या अडचणींसाठी द्यावी आणि एखाद्या प्राध्यापकांनी तेथे येऊन बसावे. जुनी पुस्तके व टिपणे रद्दीत न घालता वसतिगृहातच ठेवावीत. आणि जुन्याने नव्याला पाणी आणायला, कपडे धुवायला लावणे, हा आपला मान आहे असे कोणी समजू नये. रॅगिंग हा महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहेच; पण कायद्याचा धाक नसता तरी ते बंधुभावाला शोभणारे नाही.

यासाठी नवी इमारत लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. पहिल्या वर्षी आपण वसतिगृहाकडून घेतो. दुसऱ्या वर्षी परत येताना त्यातले थोडे फेडण्याची तयारी ठेवून यावे, एवढीच माझ्या विद्यार्थी बंधुभगिनींना विनंती आहे.