तीन आकडी निरोप



आमचे आण्णा एका अर्जासाठी दोनदा तालुक्याला गेले. केंद्रावरचे काका दोन्ही वेळा म्हणाले, "साइट बंद हाय, उद्या या." मजुरीचे दोन खाडे झाले. तिसऱ्या वेळी मी बरोबर गेलो. पडद्यावर ४०४ असे आले होते. मी म्हणालो, "काका, साइट बंद नाही, पत्ता चुकलाय." चिठ्ठीवरून पत्ता टाकताना एक अक्षर राहत होते. ते घातले अन् पान उघडले!

आपण मोबाइलवर काही उघडतो तेव्हा आपली मागणी दूरच्या संगणकाकडे जाते. त्याला सर्व्हर म्हणतात. उत्तर देताना तो आधी तीन आकडी निरोप धाडतो. परत आलेल्या पत्रावर पोस्टाचा 'पत्ता अपुरा' असा शेरा असतो ना, तसेच हे. पिनकोडचा पहिला अंक विभाग सांगतो. (नगर शहराचा ४१४००१.) इथेही पहिला अंकच मुख्य.

२ आला की काम झाले. २०० हा नेहमीचा, पण तो आपल्याला दिसत नाही, पानच दिसते. ३ म्हणजे जागा बदलली. ३०१ असेल तर कायमची. २०२४ साली आपल्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तरी जुन्या नावाचे पत्र पोहोचतेच की! तसा मोबाइल आपणहून नव्या जागी जातो.

खरी गंमत ४ आणि ५ मध्ये आहे. ४ म्हणजे मागणीत खोट. ४०१ म्हणजे ओळख पटली नाही, ४०३ म्हणजे परवानगी नाही, ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर पान नाही. अशा वेळी नुसते थांबून बहुधा काही होत नाही. आधी पत्ता नि पासवर्ड तपासावा. (कधी पानच काढून टाकलेले असते, तो भाग निराळा.) ५ म्हणजे घोटाळा सर्व्हरकडे. ५०० म्हणजे आत काहीतरी बिघडले, ५०३ म्हणजे गर्दी किंवा दुरुस्ती. दहावीच्या निकालाला लाखो मुले एकाच वेळी साइट उघडतात, तेव्हा ५०३ येऊ शकतो. तिथे आपण कितीही अक्षरे तपासली तरी उपयोग नाही, थोड्या वेळाने पाहावे.

एक मात्र आहे. २०० आला तरी पानावर 'माहिती उपलब्ध नाही' असे असू शकते. सातबारा पाहताना गट नंबर चुकला तर असे होते. पोस्टमनने पाकीट दिले, आत काय आहे ते त्याला काय ठाऊक!

आता आण्णा केंद्रावर गेले की पहिले विचारतात, "आकडा काय आलाय?" परवा ५०३ होता. ते तसेच कांद्याच्या लागणीला गेले, अन् संध्याकाळी अर्ज भरून आले.

— इयत्ता सातवी