पासपोर्टची पाने संपली तर?

प्रश्न : कंपनीच्या कामासाठी माझा मुलगा आफ्रिकेतल्या देशांत सतत फिरतो. त्याच्या पासपोर्टमध्ये दोनच कोरी पाने उरली आहेत. परदेशातच जादा पाने जोडून मिळतील का?
— एक वाचक, जबलपूर

उत्तर : नाही. आपल्याकडे जुन्या पुस्तिकेला पाने जोडत नाहीत, नवा पासपोर्टच घ्यावा लागतो. अमेरिकेनेही आपल्या नागरिकांसाठी ही सोय 2016 पासून बंद केली.

मुदत शिल्लक असली तरी ‘पाने संपली’ हे कारण देऊन अर्ज करता येतो. मुलगा जिथे असेल तिथल्या भारतीय दूतावासात त्याने तो करावा. मात्र पोलीस पडताळणीमुळे वेळ लागू शकतो, म्हणून पुढचे तिकीट आधी काढू नये. तातडीचे ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ फक्त भारतात परतण्यापुरते असते. त्यावर तिसऱ्या देशात जाता येत नाही.

शेवटच्या पानावर आईवडिलांची नावे व पत्ता असतो. ते कोरे पान म्हणून मोजू नका. दक्षिण आफ्रिकेसारखे देश कोरी पाने मागतात आणि ती नसतील तर विमान कंपनीच चढू देत नाही.

जुना पासपोर्ट रद्द करून परत देतात. त्यातला व्हिसा चालू असेल तर बहुतेक देश दोन्ही पासपोर्ट एकत्र पाहून तो मानतात, तरी त्या देशाच्या वकिलातीत विचारून घ्यावे.

माझे मत विचाराल तर त्याने पुढच्या सुट्टीत घरी आल्यावरच अर्ज करावा. जबलपूर भोपाळच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या हद्दीत येते. अर्जात 36 ऐवजी 60 पानांचा पर्याय निवडायला विसरू नका.