अंगावर पाजताना येणाऱ्या अडचणी—नवमातेने त्यांना कसे तोंड द्यावे?

बाळ जन्मले की आईला पान्हा फुटणार आणि बाळ दूध पिणार. त्यात शिकण्यासारखे ते काय? पुष्कळांचा असाच समज असतो. यास्तव, पहिल्याच आठवड्यात स्तनाग्रांना चिरा पडतात, स्तन दगडासारखे कठीण होतात किंवा बाळ तासन्‌तास रडत राहते तेव्हा नवमाता गोंधळून जाते. त्यातच घरातील कोणीतरी म्हणते: “हिला दूधच पुरत नाही. वरचे दूध सुरू करा.” आपल्यातच काही उणे आहे असे तिला वाटू लागते आणि मनात नसतानाही ती बाळाला अंगावर पाजणे सोडून देते.

हे टाळता येण्याजोगे आहे का? बहुतेक वेळा, होय. अंगावर पाजणे नैसर्गिक आहे हे खरे, तरी ते आई व बाळ या दोघांनाही शिकावे लागते. सुरवातीच्या बहुतेक अडचणींच्या मुळाशी दोन गोष्टी असतात: बाळ स्तन नीट तोंडात घेत नाही किंवा ते पुरेशा वेळा पीत नाही. या दोन्ही गोष्टी सुधारता येतात.

जन्मानंतर एका तासाच्या आत बाळाला अंगावर घ्यावे, पहिले सहा महिने त्याला केवळ आईचेच दूध द्यावे आणि त्यानंतर इतर आहारासोबत दोन वर्षे किंवा अधिक काळ ते चालू ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. भारतात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की, सहा महिन्यांखालील बाळांपैकी सुमारे ६४ टक्के बाळे केवळ आईच्या दुधावर होती. परंतु, पहिल्या तासाच्या आत अंगावर घेतलेल्या मुलांचे प्रमाण सुमारे ४२ टक्केच होते. अर्थात, पुष्कळ मातांची सुरवातच उशिरा होते.

दूध कसे तयार होते?

बाळ चोखू लागते तेव्हा आईच्या मेंदूला संदेश जातो आणि दोन संप्रेरके रक्तात येतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते. ऑक्सिटोसिनमुळे ते स्तनांतून बाहेर येते, म्हणजेच पान्हा फुटतो. बाळ जितके अधिक दूध पिते तितके अधिक दूध तयार होते. उलटपक्षी, स्तनांत दूध साचून राहिले तर निर्मिती मंदावते. प्रोलॅक्टिनचे प्रमाण रात्री अधिक असते, म्हणून रात्रीचे पाजणे विशेष मोलाचे आहे.

चिंता, वेदना व संकोच यांमुळे पान्हा फुटण्यास विलंब होऊ शकतो. तथापि, त्याचा अर्थ दूध आटले असा नव्हे. बाळाला उघड्या छातीशी धरून शांतपणे बसल्यास पुष्कळदा पान्हा पुन्हा वाहू लागतो.

पहिले काही दिवस

सुरवातीस येणारे घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. ते थोडे असते, पण नवजात बाळाचे पोटही तितकेच लहान असते. रोगांचा प्रतिकार करणारी द्रव्ये चिकात भरपूर असतात. असे असूनही, देशाच्या पुष्कळ भागांत चीक “जड” किंवा “खराब” समजून टाकून दिला जातो आणि बाळाला मध, साखरेचे पाणी किंवा गुटी चाटवली जाते. यामुळे बाळाची भूक मंदावते व जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. मध तर एक वर्षाखालील बाळाला मुळीच देऊ नये. त्यातून क्वचित प्रसंगी जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते.

पोट कापून प्रसूती झाली असली, तरी माता शुद्धीवर असल्यास परिचारिकेच्या मदतीने बाळाला लवकर अंगावर घेता येते. कुशीवर झोपून पाजल्याने टाक्यांवर भार येत नाही.

स्तनाग्रे दुखतात तेव्हा

पहिल्या दिवसांत थोडी हुळहुळ होणे साहजिक आहे. परंतु, प्रत्येक वेळी तीव्र कळ येत असेल किंवा चिरा पडल्या असतील तर बाळाची पकड तपासून पाहावी. बाळ केवळ स्तनाग्रच तोंडात घेत असेल तर ते त्याच्या हिरड्यांमध्ये चिरडले जाते. आईला वेदना होतात आणि बाळालाही पुरेसे दूध मिळत नाही. अशाप्रकारे एकाच चुकीतून दोन अडचणी उद्‌भवतात.

योग्य पकड कशी असते? बाळाचे डोके, मान व पाठ एका रेषेत ठेवा आणि त्याचे पोट तुमच्या पोटाला लागेल असे त्याला कुशीवर धरा. त्याचे नाक स्तनाग्रासमोर असू द्या. स्तनाग्राने त्याच्या वरच्या ओठाला हलकेच स्पर्श करा आणि ते जांभई दिल्यासारखे मोठे तोंड उघडेपर्यंत थांबा. मग बाळाला चटकन स्तनाकडे आणा. स्वतः बाळावर वाकू नका, अन्यथा पाठ व मान दुखू लागेल. स्तनाग्राभोवतीचा काळसर भागही, विशेषतः खालच्या बाजूचा, बाळाच्या तोंडात गेला पाहिजे. हनुवटी स्तनाला टेकलेली आणि खालचा ओठ बाहेर वळलेला असला म्हणजे पकड ठीक आहे असे समजावे.

पकड चुकली असल्यास बाळाला ओढून काढू नका. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी आत घालावी. पकड सुटते व पुन्हा प्रयत्न करता येतो. चिरांवर शेवटी येणाऱ्या दुधाचे काही थेंब लावून ते वाऱ्यावर वाळू द्यावेत. स्तनाग्रांना वारंवार साबण लावू नये, कारण त्यामुळे त्वचा कोरडी पडते. पाजताना कमी दुखणाऱ्या बाजूने सुरवात करावी. स्तनाग्रे चपटी असतील तरीही निराश होऊ नका. बाळ दूध ओढते ते केवळ स्तनाग्रातून नव्हे, तर भोवतालचा भाग तोंडात घेऊन.

स्तन दाटून येतात तेव्हा

साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दुधाचे प्रमाण एकाएकी वाढते. स्तन ताठ, गरम व दुखरे होतात आणि बाळाला ते तोंडात धरता येत नाहीत. अशा वेळी पाजणे थांबवणे सर्वात अपायकारक ठरते. आधी हाताने थोडे दूध काढावे, म्हणजे काळसर भाग मऊ होतो. मग बाळाला पाजावे. पाजून झाल्यावर थंड पाण्यात पिळलेला कपडा ठेवल्याने सूज व वेदना कमी होतात.

स्तनाचा एखादा भाग लाल होऊन ठणकू लागला व ताप आला, तर तो स्तनदाह असू शकतो. पूर्वी अशा जागी जोराने चोळण्याचा सल्ला दिला जाई. आता तसे करू नये असे सांगण्यात येते, कारण त्याने सूज वाढते. बाळाला त्या बाजूनेही पाजत राहावे. ते दूध बाळाला बाधत नाही. एका दिवसात उतार पडला नाही तर डॉक्टरांना दाखवणे अगत्याचे आहे.

“दूध पुरत नाही”—हे खरे आहे का?

मातेला सर्वाधिक खचवणारे हेच शब्द आहेत. पण ते कशाच्या आधारे म्हटले जातात? बाळ सारखे रडते, वरचेवर मागते, स्तन मऊ लागतात, हाताने पिळून फारसे दूध निघत नाही. वास्तविक, यांपैकी कोणतेही लक्षण खात्रीचे नाही. नवजात बाळाने दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पिणे सर्वसाधारण आहे, कारण आईचे दूध लवकर पचते. संध्याकाळी पुष्कळ बाळे कुरकुरतात. काही आठवड्यांनंतर स्तन मऊ होतात ते दूध आटल्यामुळे नव्हे, तर निर्मिती व गरज यांचा मेळ बसल्यामुळे.

या शंकेपायी वरचे दूध दिले तर काय होते? बाळाचे पोट भरते आणि ते अंगावर कमी पिते. त्यामुळे दूध खरोखरच कमी होते व मूळ शंका खरी ठरल्यासारखी वाटते! बाटलीने पिण्याची सवय लागलेले बाळ कधीकधी स्तन घेईनासे होते. ही हानी ओळखूनच भारतात १९९२ मध्ये कायदा करून डब्यातील बालदुधाच्या व बाटल्यांच्या जाहिरातीवर निर्बंध घालण्यात आले. २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला.

मग दूध वाढवण्यासाठी काय करावे? पकड सुधारावी, अधिक वेळा पाजावे आणि एक बाजू रिकामी झाल्यावर दुसरी द्यावी. डिंकाचे लाडू व अळिवाची खीर पौष्टिक आहेत, आणि बाळंतिणीला दररोज सुमारे ६०० कॅलरी अधिक लागतात. परंतु, बाळाच्या चोखण्याची जागा कोणताही पदार्थ घेऊ शकत नाही. मातेने तहान लागेल तसे पाणी प्यावे; बाळंतपणात पाणी तोडण्याचे कारण नाही. बाळाला मात्र सहा महिन्यांपर्यंत, कडक उन्हाळ्यातही, वेगळे पाणी नको.

काही मातांना प्रकृतीच्या कारणास्तव खरोखरच पुरेसे दूध येत नाही. यात त्यांचा दोष नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने पूरक दूध द्यावे लागल्यास ते बाटलीऐवजी स्वच्छ वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्यावे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी काही रुग्णालयांत मानवी दूधपेढ्या आहेत. भारतातील पहिली १९८९ मध्ये मुंबईच्या सायन येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू झाली.

कुटुंबाने काय करावे?

पती दूध पाजू शकत नाही. पण तो बाळाचे लंगोट बदलू शकतो, ढेकर काढू शकतो, पत्नीला ताटावर वाढून देऊ शकतो आणि पाहुण्यांची वर्दळ आवरू शकतो. आई किंवा सासूबाई यांनी धीराचा एक शब्द दिला तर तो औषधाइतकाच उपयोगी पडतो. बाळंतीण दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास असेल, रडत असेल किंवा बाळात तिचे मन लागत नसेल, तर तिला बोल न लावता डॉक्टरांकडे न्यावे.

नोकरी करणाऱ्या स्त्रियांनी आपले हक्क जाणून घ्यावेत. २०१७ च्या दुरुस्तीनुसार, कायदा लागू असलेल्या आस्थापनांत पात्र स्त्रियांना पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. कामावर परतल्यावर हाताने काढलेले दूध स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात ठेवून घरच्यांना बाळाला पाजता येते. साध्या हवेत ते ४ तासांच्या आत वापरावे. उष्ण दिवसांत ते शीतकपाटात ठेवणेच बरे.

पहिले चार ते सहा आठवडे सर्वात कठीण असतात. त्यानंतर बहुतेक माता व बाळे एकमेकांना सरावतात. म्हणून, एका वाईट रात्रीवरून निर्णय घेऊ नका. आधी पकड पाहा, बाळाला पुन्हा अंगावर घ्या आणि वेळीच मदत मागा.

[चौकट]

बाळाला पुरेसे दूध मिळत असल्याची लक्षणे

◆ पाचव्या दिवसानंतर ते २४ तासांत निदान ६ वेळा फिकट रंगाची लघवी करते

◆ पिताना गिळल्याचा आवाज येतो व पिऊन झाल्यावर ते शांत होते

◆ सुरवातीस घटलेले वजन साधारण दोन आठवड्यांत भरून निघते व पुढे वाढत राहते

डॉक्टरांना त्वरित दाखवा

◆ बाळ सुस्त असेल, पिण्यासाठी उठत नसेल किंवा त्याला ताप असेल

◆ लघवी कमी व गडद होत असेल किंवा कावीळ वाढत असेल

◆ मातेला थंडी वाजून ताप येत असेल किंवा स्तनात गळू झाल्यासारखे वाटत असेल

◆ मातेला कोणतेही औषध सुरू करायचे असेल; आपण बाळाला अंगावर पाजतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे