पालक म्हणजे आई आणि बाबाही



दर महिन्याप्रमाणे याही वेळी एक विषय अभ्यासासाठी घेतला आहे. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा, आणि शेवटी दिलेल्या प्रश्नांवर बोलावं.

आधी जरा आठवून बघा. अंगणवाडीतल्या किंवा शाळेतल्या मागच्या पालक सभेला तुमच्या घरातून कोण गेलं होतं? बाळाला शेवटचं इंजेक्शन द्यायला कोण घेऊन गेलं? आणि त्या दिवशी तुमचं कुठलं काम राहिलं? गटाची बैठक चुकली, की मासळीचा वाटा विकायला जाता आलं नाही, की लावणीचा खाडा झाला?

बहुतेक घरांत उत्तर एकच येईल, "मीच गेले." सूचनेत ‘पालक’ लिहिलेलं असतं आणि घरात ते ‘आई’ असं वाचलं जातं. बाबांना विचारलं तर म्हणतात, "मी थंय जावन काय करू? थंय सगळ्यो बायलोच असतत." त्यांचंही खोटं नाही. त्यांना नाव घेऊन कुणी बोलावलेलं नसतं.

आजचा विषय हाच आहे. बाबांनी मुलांच्या संगोपनात भाग घ्यावा म्हणून सरकारी कार्यक्रमांत काय सोय आहे, कुठे कमी पडते, आणि आपण गट म्हणून काय करू शकतो.

भार किती, कुणावर?

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने 2024 मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात, हे त्यात विचारलं. 15 ते 59 वयाच्या 100 बायकांपैकी 41 जणी घरातल्या कुणाची तरी, म्हणजे मुलांची, आजाऱ्याची, म्हाताऱ्यांची काळजी घेत होत्या. पुरुषांत हे प्रमाण 21.4 टक्के होतं. जे ही काळजी घेतात त्यांचाच वेळ बघितला, तर बायकांची दिवसाला 140 मिनिटं जातात आणि पुरुषांची 74. रांधणं, धुणं, पाणी भरणं यात धरलेलं नाही, ते वेगळं.

म्हणजे मुलाजवळ बसणारे पुरुष आहेत. अगदीच नाहीत असं नाही. पण ते कमी आहेत आणि थोडा वेळ बसतात.

यात फक्त आईच्या श्रमाचा प्रश्न नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटलं आहे की मुलाच्या मेंदूची 85 टक्क्यांहून जास्त वाढ वयाच्या 6 वर्षांआधी होते. ही वाढ खाण्याबरोबर बोलण्याने, खेळण्याने, जवळ घेण्याने होते. घरात दोन माणसं असताना मुलाशी एकच बोलत असेल, तर मुलाचा तोटा होतो. बाबांचाही होतो. मूल चालायला लागल्यावर बाबांना त्याची ओळख करून घ्यावी लागते.

सरकारी कार्यक्रमात बाबांची जागा कुठे?

1. अंगणवाडीत. पोषण अभियान 8 मार्च 2018 ला सुरू झालं. त्यात प्रत्येक अंगणवाडीने महिन्यातून दोन समुदाय आधारित कार्यक्रम घ्यायचे असं ठरलं आणि एका कार्यक्रमाला 250 रुपयांची तरतूद झाली. ओटीभरण, अन्नप्राशन हे आपल्याला माहीत आहेत. त्याच यादीत ‘सुपोषण दिवस’ आहे, आणि तो खास नवऱ्यांना माहिती देण्यासाठी ठेवलेला आहे. आपल्या अंगणवाडीत तो शेवटचा कधी झाला आणि त्याला किती पुरुष आले, हे सेविकाताईंना विचारा. आरोप म्हणून विचारू नका. त्यांच्याकडे रजिस्टरं भरायचं काम डोक्यावरून जातं. आपण मदतीला आलो आहोत असं सांगून विचारा.

2. पोषण महिन्यात. 2025 चा आठवा राष्ट्रीय पोषण महिना 17 सप्टेंबर ते 16 ऑक्टोबर असा झाला. त्याच्या विषयांत पोषण आणि बालसंगोपनात पुरुषांचा सहभाग हा एक विषय ठेवला होता. म्हणजे बाबांसाठी कार्यक्रम मागणं ही काही वेगळी मागणी नाही, ती सरकारच्याच विषयात बसते.

3. ‘आरंभ’च्या पालक मेळाव्यात. महाराष्ट्राच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने युनिसेफ आणि सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या साथीने ‘आरंभ’ हा कार्यक्रम उभा केला. 3 वर्षांखालच्या मुलांशी घरात कसं बोलायचं, खेळायचं, हे पालकांना करून दाखवायचं, असा तो आहे. गृहभेटी आणि पालक मेळावे हे त्याचे भाग. मेळाव्यात भाषणं कमी, करून बघणं जास्त. नारळाच्या करवंट्या, डबे, चिंध्यांचा चेंडू अशा घरातल्याच वस्तूंची खेळणी होतात. हे काम पुरुषांच्या हाताला सहज जमतं. जाळं विणणाऱ्या हाताला बाहुली विणायला किती वेळ लागणार?

4. शाळेत. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालक असतात आणि समितीत निम्म्या महिला असाव्या लागतात. आपल्या जागा आपण सोडायच्या नाहीत. पण समितीवर जे बाबा आहेत, ते फक्त सहीपुरते आहेत की मुलांचा अभ्यास, आहार, शौचालय यावर बोलतात, हे बघायला हवं.

5. लहान, कमी वजनाचं बाळ जन्मलं तर. अशा बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब द्यायची असते. तिला कांगारू पद्धत म्हणतात. केंद्राच्या आरोग्य खात्याच्या सूचनांनुसार आई दमली असेल, आजारी असेल, तर बाबाही ती देऊ शकतात. दवाखान्यात बाबांना बाहेरच्या बाकड्यावर बसवलं असेल, तर परिचारिकेला विचारा, "यांनी धरलं तर चालेल ना?"

6. बाबा एकटेच असतील तर. आई वारलेल्या मुलांसाठी राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. पात्र मुलाला महिन्याला 2250 रुपये मिळतात. एकटा बापही अर्ज करू शकतो. माहिती ओरोसला जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळेल. आपल्या वाडीत असं घर असेल तर आधी त्या घरी जा.

रजा मात्र मोजक्यांनाच

केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला मूल झाल्यावर 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते. ती 2 मुलांपर्यंतच असते. पण आपल्या घरचे बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत किती? कुणी होडीवर, कुणी गोव्यात हॉटेलात, कुणी आंब्याच्या बागेत, कुणी मुंबईत. त्यांना रजा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला.

हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी 2017 मध्ये लोकसभेत पितृत्व लाभाचं खासगी विधेयक मांडलं होतं. खासगी आणि असंघटित कामगार बापांनाही मूल झाल्यावर रजेचा लाभ मिळावा, असा त्याचा उद्देश होता. ते मंजूर झालं नाही. पण आपल्यासारख्या घरांतल्या बाबांचा प्रश्न महाराष्ट्रातल्या एका खासदाराने संसदेत नेला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

बाहेरच्या देशातलं एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. स्वीडनने 1974 मध्ये आईची रजा बदलून आई आणि बाबा दोघांना मिळून घेता येईल अशी केली. तरी बहुतेक रजा आयाच घेत राहिल्या. मग 1995 पासून तिथे एक महिना बाबांसाठी राखून ठेवला. त्यांनी घेतला नाही तर तो फुकट जाणार. त्यानंतर रजा घेणारे बाबा खूप वाढले.

आपल्यासाठी यात धडा आहे. ‘दोघांपैकी कुणीही’ म्हटलं की आईच जाते. ‘बाबांनी’ म्हटलं की बाबा जातात. रजेचा कायदा आपल्या हातात नाही. सूचनेचा कागद मात्र आहे.

आपल्या किनाऱ्याचं वेळापत्रक

सूचना बदलली तरी वेळ चुकली तर बाबा येणार नाहीत. अंगणवाडी सकाळी भरते. तेव्हा होडी समुद्रात असते किंवा बंदरावर मासळी उतरत असते. पर्यटनाच्या हंगामात देवबाग-तारकर्लीच्या बाबांना तर मान वर करायला वेळ नसतो.

पण पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत होड्या शाकारलेल्या, बाबा पडवीत जाळी शिवत बसलेले. आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण कंबर मोडेपर्यंत लावणीला. मग अंगणवाडीची बाबांची सभा, बाळाचं वजन, लसीचा दिवस हे त्या दोन महिन्यांत बाबांकडे द्यायला काय हरकत आहे? शेतीच्या घरांतले बाबा तेव्हा चिखलात असतात, त्यांची सभा लावणी आटपल्यावर ठेवा.

चाकरमानी बाबा गणपतीला येतात. दीड दिवसाचा गणपती असला तरी चार दिवस राहतात. शाळेची, अंगणवाडीची एक संध्याकाळ त्यांच्यासाठी ठेवता येईल. आणि बाकीच्या वर्षात त्यांचा फोन येतो तेव्हा "पैसे मिळाले काय?" एवढ्यावर संपू नये. रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटं मुलासाठी. मुलाने दिवसभरात काय केलं ते त्यानेच सांगायचं, बाबांनी ऐकायचं.

आता थोडं आपल्याकडेही बघूया

बाबा बाळाला उचलायला जातात आणि बाळ रडतं. लगेच आतून सासूबाई म्हणतात, "तुका जमाचा नाय, हाड हकडे." कधी आपणच म्हणतो. दोन-तीन वेळा असं झालं की तो माणूस पुन्हा हात लावत नाही. मग वर्षभराने आपण म्हणतो की यांचं मुलांकडे लक्षच नाही.

लंगोट वाकडा बांधला तर बांधू दे. पेज जरा सांडली तर सांडू दे. आपल्यालाही पहिल्या दिवशी येत नव्हतं. आणि "त्यांनी मला मदत केली" असं म्हणू नका. मूल त्यांचंही आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर पुरुषांच्या सहभागाची शिफारस केली, तेव्हा एक अट घातली. बाईच्या इच्छेचा आणि निर्णयाचा मान राहिला पाहिजे. ज्या घरात दारू आणि मारहाण आहे, तिथे "बाबांना घेऊनच ये" असा आग्रह कुणीही धरू नये. अशा मैत्रिणीला आधी सुरक्षितता हवी. महिला हेल्पलाइन 181 आणि मुलांसाठी 1098 हे नंबर प्रत्येक गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

या महिन्याचं काम

1. ग्रामसंघाच्या दोघींनी अंगणवाडी सेविकाताईंना भेटून बाबांच्या सभेची तारीख ठरवावी. वेळ गावातल्या चार बाबांना विचारून ठरवावी.

2. सूचनेत ‘पालक’ न लिहिता मुलाचं नाव घालून ‘अमक्याचे बाबा’ असं लिहावं आणि कागद बाबांच्याच हातात द्यावा. आईकडे देऊ नये.

3. सभा तासाभराची. माता बाल संरक्षण कार्ड उघडून बाबांनीच आपल्या मुलाचं वजन आणि पुढच्या लसीची तारीख वाचावी. मग एक खेळणं करावं. भाषण नको.

4. पुढच्या ग्रामसभेआधी महिला सभेत विषय मांडावा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के निधी महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. बाबांच्या मेळाव्याचा खर्च त्यातून व्हावा, अशी मागणी लेखी द्या आणि पोच घ्या.

गटात चर्चेसाठी प्रश्न

• आपल्या मुलाला पुढची लस कधी आहे, हे घरात आणखी कुणाला माहीत आहे?

• गेल्या आठवड्यात बाबांनी मुलासाठी केलेलं एक काम सांगा. आपण त्यात मध्ये पडलो का?

• आपल्याकडे बाबांना कुठल्या महिन्यात, कुठल्या वेळी मोकळीक असते?

• आपले मुलगे उद्या बाप होतील. ते आज घरात काय बघतात?

चर्चा झाली की लिपिकाताईंनी ठरलेलं ठरावाच्या वहीत लिहावं. तुमच्या गावात सभा झाली तर कोण किती आले, काय जमलं, काय फसलं, ते चार ओळींत प्रभागसंघाकडे कळवा. पहिल्या सभेला तीनच बाबा आले तरी कळवा. आपला गट सुरू झाला तेव्हा पहिल्या बैठकीला आपण तरी किती जणी होतो?